पहिल्या फेरीची माणसं

४ फेब्रुवारी

माझ्या मोजणीबाईला आजीचे आशीर्वाद. मागच्या महिन्यात पाठवायचे राहिले तेही यातच धरून घे.

फोनवर तुझं अर्धं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू घाईघाईत बोलतेस. म्हणून पत्र. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, त्यातलं एक वर्ष कांजिण्यांत गेलं. तेव्हा एखादं जोडाक्षर अडलं तर तुझं तू समजून घे.

बातमी अशी आहे की आपला रस्ता मोकळा झाला आहे. मला कुणी सांगितलं नाही. मी आपली सकाळी केस विंचरत होते, तर मला फणीचा आवाज ऐकू आला. मी थांबले. म्हटलं, हे काय नवीन. मग स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू आलं. ते टिकटिकतं हे मला माहीतच नव्हतं, मी त्याला मुकंच समजत होते. बाहेर बघते तर चौकात लाल दिवा आणि त्याच्यासमोर मोजून तीन गाड्या. एरवी तिथे एवढी रेटारेटी की दिवा हिरवा झाला काय नि निळा झाला काय, कुणी जागचं हलत नसे.

मग मी चौकाकडची खिडकी उघडायचं ठरवलं. तू रांगत होतीस तेव्हापासून ती धुरासाठी बंद आहे, रंगाने चिकटून गेली होती. वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरांना बोलावलं. ते आता रिटायर झालेत, तरी सगळ्या इमारतीची कापलेली बोटं तेच बांधतात. त्यांनी हातोडीने ठोकून खिडकी उघडली आणि स्वतःचंच बोट ठेचून घेतलं. ते मी बांधलं. खालचा किल्लीवाला दिवसभर गातो हे आता कळलं. बरं नाही गात.

तर काय सांगत होते. रस्ता. पूर्वी पलीकडे जायचं तर तुझ्या बाबाला सुट्टी असावी लागायची. परवा मी एकटी गेले. मधोमध पोचल्यावर जरा उभी राहिले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग वर आभाळही बघितलं. समोरच्या इमारतीतली ती शिंपीणबाई आठवते ना, जिला मी एवढी वर्षं खिडकीच्या काचेतून हात करते आणि तीही मला करते? तिच्याकडे गेले. म्हटलं, "ओळखलंत का? मी समोरची." ती म्हणाली, "नाही हो." मी म्हटलं, "अहो, रोज हात करता की मला." तिने सुईत दोरा ओवला, मग म्हणाली, "मी तुमच्या वर राहतात त्या कंपाउंडरांना करते."

चहा मात्र चांगला करते.

तुझा बाबाही खूश असणार. तो चालवतो ती सकाळची बस इतक्या लवकर पोचते की म्हणे शेवटच्या स्टॉपवर इंजिन बंद करून बसावं लागतं. बसमध्ये गर्दीही नसते. तो काही बोलत नाही, पण त्याचा स्वभावच तसा आहे, आनंद झाला तरी जेवताना ताटाकडेच बघतो.

लोक शहाणे झाले असं माझं मत आहे. पण एवढ्या गाड्या गेल्या कुठे? तुझं कामच गाड्या मोजायचं, तूच सांग.

तुझी आजी

१३ फेब्रुवारी

आजी, नमस्कार.

घाईत लिहिते आहे. कागद ऑफिसचा आहे. मागच्या बाजूला छापलंय ते वाचू नकोस, ते कुणीच वाचत नाही.

गाड्या कुठेही गेलेल्या नाहीत. लोकांच्या दारात उभ्या आहेत. मंदी आली आहे, आजी. मालाला गिऱ्हाईक नाही म्हणून कारखान्यांनी पाळ्या कमी केल्या, ऑफिसांनी माणसं कमी केली. ज्यांचं काम गेलं त्यांनी सकाळी उठून जायचं कुठे? ज्यांचं राहिलंय ते पेट्रोल वाचवतात. आमच्या अहवालात याला 'वाहतूक सुरळीत झाली' असं लिहितात. साहेबांनी काल ते वाक्य वाचून दाखवलं आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणालाच कळेना.

तेव्हा रस्ता मोकळा झाला म्हणून फार आनंद करू नकोस. आणि बाबा खूश नाही. त्याची सकाळची पहिली फेरी कारखान्यांकडे जाते, आणि कारखान्यांना कुलुपं लागलीत. मार्चच्या शेवटी बसचं ऑफिस मोजणी करणार आहे. फेरी रिकामी दिसली तर बंद. बाबा कंत्राटावर आहे, फेरी बंद तर तोही बंद. या वयात त्याला दुसरं कोण घेणार?

त्याने मला फोनवर हे सांगितलं आणि तुला सांगू नको म्हणाला. म्हणून मी सांगते आहे, पण तू कळल्याचं दाखवू नकोस.

तुझी मोजणीबाई

२० फेब्रुवारी

मोजणीबाईला आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं मी कळल्याचं अजिबात दाखवलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बसमध्ये जाऊन बसले.

तुझ्या बाबाने आरशातून बघितलं. "आई, कुठे निघालीस?"

"शेवटच्या स्टॉपला."

"तिथे काय आहे?"

"गेल्याशिवाय कसं कळणार?"

कंडक्टर आला, त्याने माझा म्हातारपणाचा पास उलटापालटा करून बघितला. म्हणाला, "आजी, हा काढल्यापासून वापरलेला दिसत नाही." मी म्हटलं, "बाळा, स्टॉप रस्त्याच्या पलीकडे आहे. पलीकडे येता आलं असतं तर ना."

पोरी, बस म्हणजे काय चीज आहे. मी तुझ्या बाबाला एवढा मोठा केला, त्याचे डबे भरले, पण तो दिवसभर काय बघतो ते मला आता कळलं. मी पुढच्याच सीटवर बसते. तो वळण घेतो तेव्हा आधी खांदा वळतो, मग बस वळते. लहानपणी पाटीवर पेन्सिल फिरवायचा तेव्हाही आधी खांदाच वळायचा. मी कंडक्टरला तसं सांगितलं. तुझा बाबा म्हणाला, "आई, ड्रायव्हरशी आणि ड्रायव्हरबद्दल बोलू नये." तिथे खरंच तशी पाटी आहे, पण अर्धीच.

बसमध्ये पाचसात माणसं. पाण्याच्या टाकीच्या वळणावर एक नर्स चढते, पावाच्या भट्टीतल्या दोघी चढतात, आणि त्या उतरल्या की मग शेवटपर्यंत मी आणि कंडक्टर.

शेवटच्या स्टॉपला कारखान्याचं भलंमोठं फाटक आहे. आत सगळं बंद, बाहेर एक वॉचमन. मी विचारलं, "कशाची राखण करता?" तो म्हणाला, "ते मीही विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, खुर्चीवर बसा." खुर्ची चांगली आहे, त्याने मला दिली. बस परत निघेपर्यंत आम्ही गप्पा मारल्या. कारखाना बंद झाल्यापासून त्याला कुणी बोलायलाच मिळालेलं नाही, सगळं एकदम सांगितलं. त्याच्या बायकोचं मूतखड्याचं ऑपरेशन मला आता पाठ आहे.

मग मी विचार केला, एकटीने बस कशी भरणार. कंपाउंडरांना म्हटलं, सकाळचे काय करता? ते म्हणाले, खिडकीत उभा असतो. म्हटलं, ते माहीत आहे, त्यापेक्षा बसमध्ये उभे राहा. ते तयार होईनात. मग मी म्हटलं की शिंपीणबाईही येणार आहेत. ते शर्ट बदलून आले. तुझे चित्रकलेचे मास्तर येतात, त्यांना कारखान्याची चिमणी कागदावर काढायची आहे. बागेतल्या बाकावरचे पेन्शनवाले आहेत, ते तसेही बसूनच असतात, बाक तेवढं हलतं मिळालं. अशी आता आमची बरीच मंडळी झाली.

मोजणी कशी करतात ते जरा सविस्तर कळव. तुझा धंदाच तो.

तुझी आजी

३ मार्च

आजी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग खिडकीत बसून चौथ्यांदा वाचलं.

तू हे करायला नको असं मला लिहायला हवं. ते लिहिलं असं समज.

आता मोजणीचं. तिकिटांवरून त्यांना नीट अंदाज येत नाही, कारण महिन्याचे पास आणि म्हातारपणाचे पास मशिनमध्ये धड उमटतच नाहीत. म्हणून बसच्या ऑफिसचा एक माणूस वळणावर उभा राहतो, जिथे बस हळू होते. तुमच्या फेरीला तो टाकीच्या वळणावर असणार. बस पुढून जाताना तो खिडक्यांतून बघतो आणि लिहितो. रिकामी, अर्धी, भरलेली. एवढंच. एकेक डोकं कोण मोजतंय? मी पहिल्या वर्षी हेच काम केलंय. खिडकीशी कुणी दिसलं नाही तर बस रिकामी वाटते, मग आतल्या बाजूला कितीही बसलेले असोत. तेव्हा खिडक्यांपाशी बसा. डाव्या बाजूच्या. तो फुटपाथवर असतो.

इकडे ठीक आहे. ही वही नवीन घेतली. माझी खोली लहान आहे, पण दुपारी छान उजेड असतो. जेवणाच्या वेळेला ऊन दारापाशी असतं, मग सरकत सरकत पलंगाच्या पायाशी येतं, आणि समोरच्या बाई गॅलरीतले कपडे काढायला येतात तेव्हा ते कपाटाच्या आरशावर चढतं आणि छतावर एक डाग पडतो. मला तो डाग आवडायला लागलाय. समोरच्या बाईंना त्यांच्या मुलाचे मोजे कधीच जोडीने सापडत नाहीत.

बाबाला माझं काही सांगू नकोस. म्हणजे सांगण्यासारखं काही नाहीच. वॉचमनच्या बायकोला आता कसं आहे?

तुझी नात

११ मार्च

बाळ,

पत्र छान लांबलचक होतं. वॉचमनच्या बायकोला बरं आहे, खडा तिने बाटलीत ठेवलाय. तो वॉचमनने आणून दाखवला. मास्तरांनी त्याचंही चित्र काढलं.

आता जे झालं ते सांगते. चांगलं नाही झालं.

आम्ही तू म्हणालीस तशा डाव्या खिडक्या धरल्या. मग उजव्याही धरल्या, कारण पेन्शनवाल्यांनी अजून दोन बाकं भरून माणसं आणली. बस अशी काही भरली म्हणून सांगू. मी मागे वळून बघत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं, जसं काही घरी पाहुणे आलेत आणि सगळ्यांना पाट पुरले.

टाकीच्या वळणावर नर्स चढली. तिला जागा नाही. भट्टीतल्या दोघींनाही नाही. नर्स माझ्या सीटपाशी उभी राहिली. तीनचार दिवस तशीच उभी होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "आजी, तुम्ही रोज कुठे जाता?"

"शेवटच्या स्टॉपला."

"तिथे तर सगळं बंद आहे."

"हो, म्हणूनच बरं आहे, निवांत असतं."

ती म्हणाली, "मी संध्याकाळपर्यंत उभीच असते. बसायला एवढी एक बसच होती."

रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर मी दोन शब्द सुनावले असते, मग दोघींनाही बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती वळणावर नव्हती. पुढे पुलावर दिसली, पायी. तुझ्या बाबाने हॉर्न दिला. तिने वळून बघितलं नाही. भट्टीतल्या दोघी आता कुणाच्या तरी सायकलवर डबलसीट जातात.

त्या रात्री जेवताना तुझ्या बाबाने ताटातून मान वर काढली.

"आई, आता बास."

"काय बास?"

"पोरीने तुला फेरीचं सांगितलंय."

"कुठल्या फेरीचं?"

"आई, तुला खोटं बोलता येत नाही."

"येतं. तुला कळत नाही एवढंच."

तो हसला नाही. म्हणाला, "त्या नर्सला मी कधीपासून नेतोय. ती चढली की मी आरशात बघतो, ती बसली की गिअर टाकतो. ती फेरी तिच्यासाठी आहे. तुम्ही सगळे बसून फेरी वाचवाल आणि फेरीत न्यायचं माणूसच उरणार नाही. मग मी कुणाला नेतोय? माझ्याच आईला, गोल गोल?"

मी त्याला अजून एक भाकरी वाढली, त्याने ती खाल्ली. तुझी आई असती तर तिने काहीतरी बोलून त्याला हसवलं असतं. मला ते जमत नाही, मी फक्त वाढते.

आम्ही नाही बसलो तर बस रिकामी दिसणार. बसलो तर ज्यांची बस आहे ते पायी जाणार. मोजणी महिनाअखेरीला आहे. काय करू ते लवकर कळव. तुला वेळ असेल.

आजी

१८ मार्च

आजी,

लगेच लिहिते. तुझं पत्र पोस्टमनच्या हातूनच घेतलं, तो जिन्यात भेटला.

मला वेळ कुठला असणार, नवीन काम आलंय, साहेब पिच्छा सोडत नाहीत. पण तुझ्या प्रश्नाचा मी सकाळपासून विचार करते आहे. मी खिडकीत काड्यापेटीच्या काड्या मांडून बघितल्या, बसच्या सीटसारख्या.

तुम्ही सगळे टाकीच्या वळणाच्या आधी उभे राहा. नर्स तिथेच चढते ना? तिला, भट्टीतल्या बायकांना आणि तिथे जे कुणी कामावर जाणारे चढतील त्या सगळ्यांना जागा द्या. आणि तुम्ही दांड्याला धरून मधे उभे. मोजणीवाला नेमका तिथेच असतो. तुला माहीत नसेल, पण बाहेरून बघताना उभी माणसं जास्त दिसतात. बसलेल्यांची नुसती डोकी दिसतात, उभी राहिली की खिडकी भरते. आम्ही त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवायचो, फारच क्वचित लागायचा.

वळण संपलं तरी नर्सच्या हॉस्पिटलपर्यंत उभंच राहावं लागेल. ती उतरली की बसा.

गुडघे सांभाळा. कंपाउंडरांना जवळ ठेव.

बाबा खरंच गोल गोल म्हणाला?

तुझी नात

९ एप्रिल

बाळ,

उशीर झाला कारण एवढे दिवस बसमध्ये होते, आणि घरी आल्यावर पाय उशीवर होते.

तुझं पत्र मी मंडळींना वाचून दाखवलं. पेन्शनवाले म्हणाले, उभं राहायचं असतं तर पेन्शन कशाला घेतली असती. पण मास्तर शाळेतले, त्यांनी सगळ्यांना शिस्तीत घेतलं. आपल्या बाहेरच्या खोलीत कपड्यांची दोरी जरा खाली बांधली आणि आम्ही तिला धरून तालीम केली. मास्तर "वळण" म्हणाले की सगळ्यांनी उठायचं आणि डावीकडे कलायचं. पहिल्या दिवशी दोरी तुटली. कंपाउंडर शिंपीणबाईंच्या अंगावर पडले. दोघंही बराच वेळ उठले नाहीत. आम्हाला वाटलं लागलं.

पण आधी नर्सला परत आणायचं होतं. मी तुझ्या बाबाला म्हटलं, पुलावर थांब. तो म्हणाला, पुलावर स्टॉप नाही. मी म्हटलं, मागे कुणी आहे का? त्याने आरशात बघितलं. मागे पुलाच्या टोकापर्यंत रस्ता रिकामा. पूर्वी तिथे क्षणभर थांबला असता तर अख्ख्या शहराने आपल्या घराण्याचा उद्धार केला असता. त्याने थांबवली. मी खाली उतरले आणि नर्सला गाठलं.

म्हटलं, "बाई, तुमची जागा ठेवलीय."

"कुणी?"

"माझ्या पिशवीने."

तिने बसकडे बघितलं. आतली सगळी म्हातारी मंडळी उभी होती, दांड्याला धरून, कुणी बसायला तयार नाही. तिने विचारलं, "यांना काय झालंय?" मी म्हटलं, "तालीम चालू आहे." मग मी तिला सगळं सांगितलं, फेरीचंही. ती म्हणाली, "हे आधी सांगायचं ना." चढली. बसली. तुझ्या बाबाने गिअर टाकला. मी ऐकला बरं का तो आवाज, रस्ता शांत असल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी तिने हॉस्पिटलातल्या आणखी काही जणी आणल्या, झाडूवाल्या मावशी आणल्या. बसायला मिळतं म्हटल्यावर कोण येणार नाही? भट्टीतल्या दोघीही परत आल्या, सायकलवाला म्हणे स्वभावाने चांगला नव्हता.

मोजणीच्या आठवड्यात तो माणूस तू म्हणालीस तिथेच उभा होता, हातात कागद लावलेली पाटी, डोक्यावर टोपी. आम्ही वळणाआधी उभे राहिलो आणि कललो. त्याने आमच्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, पुन्हा आमच्याकडे बघितलं. पहिल्या दिवशी त्याला तो तुझा वेगळा रकाना सापडलाच नाही, बस गेली तरी कागद उलटत होता. तिसऱ्या दिवसापासून आधीच उघडून ठेवायला लागला. मी त्याला हात केला. हा मात्र मलाच करत होता, मी मागे बघून खात्री केली.

मागच्या आठवड्यात ऑफिसचा कागद आला. तुझ्या बाबाने वाचला, मला दिला, मी वाचायला चष्मा लावेपर्यंत परत घेतला आणि पुन्हा वाचला. त्याची फेरी राहिली. कंत्राटही राहिलं. पण पुढे लिहिलं होतं की पहिली फेरी क्षमतेपेक्षा जास्त भरते आणि वयस्कर प्रवाशांना उभं राहावं लागतं असं दिसून आल्यामुळे तिच्या मागोमाग एक जादा फेरी देण्यात येत आहे.

म्हणजे आता दोन बस झाल्या. बाकी सगळ्या शहरात फेऱ्या कमी करतायत आणि आपल्याला एक जास्त मिळाली. तिच्यावर दुसऱ्या आगाराचा एक ड्रायव्हर आलाय, त्याची स्वतःची फेरी गेल्या महिन्यात बंद झाली होती. तो घरी येऊन माझ्या पाया पडायला लागला. मी म्हटलं, थांबा, तुमची बस रिकामी आहे, पुढच्या मोजणीला काय करणार? तो म्हणाला, "तुम्ही आहातच की." त्याच्या बसमध्ये सध्या कंपाउंडर आणि शिंपीणबाई असे दोघंच असतात, आणि त्या दोघांना तिसरं माणूस नकोच आहे.

आता तुझं. मी हे शेवटी ठेवलं होतं.

तुझी नोकरी गेली आहे. मला ते त्या उन्हाच्या पत्रापासून माहीत आहे. जे माणूस कामावर जातं त्याला दुपारी आपल्या पलंगापाशी ऊन कसं येतं ते कळत नाही. तुझ्या बाबाने एवढी वर्षं संसार केला, पण आपल्या घरात दुपारी ऊन कुठून येतं ते विचार त्याला, सांगता येणार नाही. आधी तू ऑफिसच्या कागदाच्या पाठीवर चार ओळी खरडायचीस, मग वही आली आणि ओळी संपेनात. मोजणीबाई म्हणून सही करायचीस, ती बंद केलीस. आणि कामाच्या दिवशी पोस्टमन तुला जिन्यात भेटतो. बाळ, गाड्या कमी झाल्यावर गाड्या मोजणारे कशाला ठेवतील, एवढं चौथी नापास बाईलाही समजतं.

तुझ्या बाबालाही माहीत आहे. तू फोन केलास तेव्हा भर दुपारी मागे कपडे आपटल्याचा आवाज येत होता, तो मला त्याच्या शेजारी बसून ऐकू आला तर त्याला आलाच असणार. त्याने मला सांगितलं नाही, मी त्याला सांगितलं नाही, आणि तू आम्हा दोघांना सांगितलं नाहीस. आपलं घर असंच आहे. कुणी कुणाला काही सांगत नाही आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं. तू का लपवलंस तेही कळतं. बाबाची फेरी जाणार, त्यात आपण कुठे घरी जाऊन बसायचं, असंच ना? तर फेरी गेलेली नाही. उलट एक जास्त आहे आणि ती रिकामी पळते.

ये. काही दिवस ये, किंवा बरेच दिवस ये. चौकाकडची खिडकी उघडी आहे, तिथे तुझा पलंग लावते. सकाळी उठल्यावर कुठे जायचं असा प्रश्न पडला तर शेवटच्या स्टॉपला जायचं. वॉचमनने दुसरी खुर्ची मिळवली आहे. त्या ड्रायव्हरच्या बसमध्ये पुढच्या मोजणीला बसणार आम्ही सगळे म्हातारेच, एखादं तरी तरुण माणूस खिडकीशी बसलेलं दिसायला हवं, नाहीतर मोजणीवाल्याला वाटेल दवाखान्याची गाडी आहे.

बाबा स्वतः काही म्हणणार नाही. काल मात्र त्याने तुझ्या खोलीतल्या पंख्याला तेल घातलं आणि मला म्हणाला, आवाज करत होता. तो पंखा दीड वर्ष बंद आहे.

आजी

१५ एप्रिल

आजी,

खोली सोडली. मालकिणीने माझं सामान जिन्यात उतरवायला मदत केली, समोरच्या बाईंनी गॅलरीतून हात केला. मी तुझ्यासारखं मागे बघून खात्री केली नाही.

नवीन काम वगैरे काही नव्हतं. तुला माहीत होतं हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी पहाटे पोचते. हे पत्र माझ्यानंतर पोचलं तर मीच तुला वाचून दाखवीन. बाबाला सांगू नकोस. म्हणजे त्याला कळलेलं असेल, पण सांगू नकोस. मी परस्पर स्टॉपवर येईन आणि पहिल्या फेरीत चढेन. त्याने आरशातून विचारलं की कुठे निघालीस, तर काय म्हणायचं ते मला पाठ आहे. सोमवारपासून जादा फेरीत बसेन.

शनिवारी मात्र खिडकीची जागा माझ्यासाठी धरून ठेवू नकोस, ती नर्सला दे. मी उभी राहीन. तेवढीच जास्त दिसेन.

तुझी मोजणीबाई